तळहातावरचा धडा

मेरिदाहून बसमधून, गुंडाळी करून
मी तक्ता आणला होता मधमाशीचा.
पिवळे-काळे पट्टे, मोठी नांगी,
नांगीकडे जाणारा लाल बाण.
बालवर्गातली बावीस पोरं बघत राहिली.
मग विल्बेर्त म्हणाला, "बाई, ही आमची नव्हे.
आमचीला नांगी नसते."
मला वाटलं, थापा मारतोय.

दोन्या फिदेंसियाच्या परसात, झावळ्यांच्या छपराखाली
आडवे रचलेले पोकळ ओंडके,
दोन्ही टोकं मातीनं लिंपलेली.
मधोमध हरभऱ्याएवढं भोक
आणि त्यात एक डोकं, पहाऱ्यावर.
"दार तिच्या डोक्याएवढंच," दोन्या म्हणाली,
"म्हणजे कडी नको, कोयंडा नको.
शुनान काब म्हणायचं हिला. मधाची बाईसाहेब.
आधी आपापलं नाव सांगा, मग जवळ या."

पोरांनी ओंडक्याला नावं सांगितली.
एल्मेरनं आडनावासकट, कुत्र्याचंही.
मीही सांगितलं, जरा लाजत.
मग सगळ्यांनी लाकडाला कान लावले.

लिगियानंही लावला.
दुसऱ्या वर्षी आलेल्या तापात तिचे कान गेले,
ती कान लावते तो इतरांचे चेहरे बघून.
थोड्या वेळानं तिनं कान काढला
आणि तळहात ठेवला.
मग दुसरा.
मग गाल.
मग माझ्याकडे असं पाहिलं
की हे सगळं मीच तिच्यापासून
इतके दिवस लपवून ठेवलं होतं.

कुंपणाशी टोमॅटो फुलला होता.
मी सांगू लागले :
हे फूल नुसतं बसून पराग देत नाही,
माशी त्याला पायांनी कवटाळते,
पंख मिटून अंगानं थरथरते,
आणि पीठ चाळल्यासारखे पराग
तिच्या पोटावर सांडतात.
हे झालं नाही तर टोमॅटो नाही.
एकवीस पोरांपैकी एकानं विचारलं, खाऊ कधी?
लिगियानं माझं बोट मुठीत धरलं
आणि मूठ थरथरवली,
घशातून बारीक "म्म्म" काढत.
एवढं मला कधी शिकवता आलं नसतं.

त्यानंतर दर शुक्रवारी आम्ही जायचो.
ती एकेका ओंडक्यावर हात ठेवून मान हलवायची,
हजेरी घेतल्यासारखी.

मार्चमध्ये रस्त्यापलीकडच्या सोयाबीनवर
पिवळं विमान दोन दिवस घिरट्या घालत होतं.
पोरांनी त्याला हात हलवून टाटा केला.
मीही केला.

शुक्रवारी चौथ्या ओंडक्यापाशी लिगिया थांबली.
हात सरकवला. फ्रॉकला पुसला. पुन्हा ठेवला.
मी कान लावला, म्हटलं, आहे की आवाज.
तो रस्त्यावरच्या ट्रकचा होता.

दोन्यानं माती फोडून टोक उघडलं.
पोरांना मागे सारावं की पुढे येऊ द्यावं,
मला ठरवता येईना.
ती आपणच पुढे आली.
आत मधाच्या इवल्या घागरी काठोकाठ
आणि खाली, काळ्या तिळांच्या सांडीसारख्या, त्या.
"झोपल्यात?" एल्मेरनं विचारलं.
"नाही," दोन्या म्हणाली.
तिनं खोटं सांगितलं नाही,
म्हणून मलाही सांगता आलं नाही.

पाऊस लागल्यावर तिनं पाचव्यातली अर्धी वस्ती काढून
नव्या ओंडक्यात बसवली, चौथ्याच्या जागी.
"रुजेल किंवा नाही रुजणार," म्हणाली.
विल्बेर्त मिरचीच्या झाडाखाली गळलेली फुलं मोजतो.
मोजून मलाच दाखवतो, माझ्याकडे हिशेब असल्यासारखा.
तक्त्यावरच्या नांगीवर मी कागद चिकटवला आहे.

लिगिया आल्या आल्या चौथ्यापाशी जाते.
परत येते, हात पसरून दाखवते :
सपाट. स्वस्थ.

काल तिनं पुन्हा माझं बोट धरलं.
काहीतरी थरथरलं, फार बारीक.
ती डोळे मोठे करून बघत होती.
मी हलले नाही.
तिच्या मनगटातली नाडीही असेल.